कोर्टाची पायरी चढावीच लागली तर: कोकणात मोफत वकील कसा मिळवायचा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहिला की शहाण्यालाही ती चढावी लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळी निवडणारी बाई असो, कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारा मुलगा असो, की चिपळूणच्या बाजारपेठेमागे भाड्याच्या खोलीत संसार मांडलेलं कुटुंब, पहिला प्रश्न एकच: वकिलाला द्यायला पैसे आणायचे कुठून?

पुष्कळांना ते आणावे लागत नाहीत. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे आणि त्यात बसणाऱ्याला वकील, कोर्ट फी, नकलांचा खर्च हे सगळं मोफत मिळतं. अडतं ते दुसरीकडेच. वकील मिळतो, पण पक्षकार हात हलवत येतो. कागद घरी, तारीख लक्षात नाही, मुदत टळून गेलेली. त्यामुळे खाली कागद आणि मुदती यांवरच जास्त लिहिलं आहे. अर्ज कसा करायचा हे त्यामानाने सोपं आहे.

१. आपण यात बसतो का?

उत्पन्न कितीही असलं तरी पुढच्या लोकांना मदत मिळते:

- कोणतीही स्त्री, आणि १८ वर्षांखालचं मूल
- अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती
- पूर, भूकंप, मोठी दुर्घटना, जातीय अत्याचार यांचा फटका बसलेली व्यक्ती
- पोलीस कोठडीत, तुरुंगात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेली व्यक्ती

यात न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये. सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी ५ लाख.

पहिली ओळ पुन्हा वाचा. 'कोणतीही स्त्री' म्हणजे नवऱ्याचा पगार चांगला असलेलीही, स्वतः शिक्षिका असलेलीही. कोकणात याचा सर्वांत मोठा उपयोग वाटणीच्या दाव्यात होतो. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईत, आणि बहिणींची नावं 'राहून गेलेली'. अशा बहिणीला घरात कुणाचं किती उत्पन्न आहे हे सांगायची गरज नाही, आधार कार्ड पुरतं.

कातकरी कुटुंबांचंही तसंच. वीटभट्टीवर उचल घेतली, हंगाम संपला तरी 'फिटली नाही' म्हणून मालक सोडत नाही, असं असेल तर ते कुटुंब दोन कारणांनी पात्र आहे: आदिवासी म्हणून आणि वेठबिगार म्हणून.

पुराचा मुद्दा बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, त्याच दिवशीची महाडमधल्या तळियेची दरड, ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. अशा आपत्तीतून उभा राहिलेला विमा, भरपाई किंवा घराचा वाद असेल तर 'आपत्तिग्रस्त' म्हणून अर्ज करता येतो. पंचनाम्याची प्रत जोडा.

२. कुठल्या दारात जायचं

प्रत्येक तालुका न्यायालयात 'तालुका विधी सेवा समिती' असते आणि जिल्हा न्यायालयात 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण'. तालुक्याच्या कोर्टात केस असेल तर तालुका समितीकडे जा, उगीच जिल्ह्याच्या गावी एसटीचे हेलपाटे नकोत.

नावांचे घोळ आधीच सांगून ठेवतो. संगमेश्वर तालुक्याचं कोर्ट देवरुखला आहे, संगमेश्वरला नव्हे. सिंधुदुर्गचं जिल्हा न्यायालय सावंतवाडीत किंवा कुडाळात शोधू नका, ते ओरोसला सिंधुदुर्गनगरीत आहे. रायगडचं अलिबागला.

कोर्टात शिरल्यावर 'मोफत वकील कुठे मिळतो' असं गेटवर मोठ्याने विचारू नका. विचारलंत, तर आधी भेटेल तो ओळखीच्या वकिलाकडे नेणारा दलाल. सरळ 'विधी सेवा' अशी पाटी बघा किंवा कोर्टाच्या कार्यालयात विचारा. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या टेबलावर विधी स्वयंसेवक बसलेला असतो. तो वकील नसतो. अर्ज भरून देणं, योग्य खोलीपर्यंत नेणं हे त्याचं काम. त्याच्याशी नीट बोला, निम्मं काम तिथेच होतं.

जाता येत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत फोन आहे. त्यांच्या संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो. केस गावच्या कोर्टात आणि माणूस डोंबिवलीत, अशा चाकरमान्यांना हाच मार्ग बरा.

नुसता सल्ला हवा असेल, म्हणजे नोटिशीला उत्तर द्यायचं का, पोलीस तक्रार घेत नाहीत तर काय करायचं, अशा प्रश्नांसाठी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या सेवा केंद्रात, 'टेली-लॉ' आहे. तिथून फोनवर किंवा व्हिडिओवर वकील बोलतो. तो कोर्टात उभा मात्र राहत नाही.

३. पिशवीत काय घ्यायचं

प्लॅस्टिकची पिशवी घ्या. हे गमतीत घेऊ नका. जुलैत ओल्या छत्रीसोबत आणलेल्या मूळ कागदांचा लगदा झालेला कुणाही वकिलाने पाहिलेला असतो.

सगळ्यांसाठी:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन-दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- पात्रतेचा पुरावा: जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, यांतला जो लागू असेल तो
- कोर्टाचं समन्स, नोटीस, आणि ज्या पाकिटातून ती आली ते पाकीट

पाकीट का, असं विचाराल. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. तुमच्या मुदती नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून मोजत नाहीत, ती तुम्हाला मिळाली त्या तारखेपासून मोजतात. पाकीट चुलीत घातलंत की तो पुरावा गेला.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून येतो आणि त्यात दोन आठवडे सहज जातात. तो हातात यायची वाट बघत अर्ज अडवून ठेवू नका. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, जोवर ते खोटं वाटायला काही कारण नाही. टेबलावरच्या माणसाने 'दाखला आणा, मग बघू' म्हटलं तर हे कलम शांतपणे सांगा.

कामाप्रमाणे आणखी कागद:

*जमीन-घर:* सातबारा, आठ-अ, फेरफार उतारे, नगरपरिषदेचा घरपट्टीचा उतारा, खरेदीखत असेल तर तेही.
*नवरा-बायको, पोटगी:* लग्नाचा दाखला किंवा लग्नाचा फोटो आणि पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, नवरा कुठे काम करतो याचा काहीही पुरावा, मारहाण असेल तर दवाखान्याचे कागद.
*मजुरी:* हजेरीची वही, मोबाईलवरचे पैसे आल्याचे मेसेज, मालकाशी झालेलं व्हॉट्सॲप बोलणं. होडीवरच्या खलाशाकडे कागद नसतातच. मग होडीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तांडेलाचं, म्हणजे होडीच्या प्रमुखाचं, नाव लिहून आणा.
*अपघात:* एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं, गाडीचा नंबर, विमा कंपनी माहीत असेल तर तिचं नाव.

पुरात कागद गेले असतील तर घाबरू नका, त्यातले बरेच पुन्हा मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. नोंदवलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते. तक्रारदाराला एफआयआरची प्रत पोलिसांनी मोफत द्यायची असते.

४. एका पानाचा घटनाक्रम

वेळ घालवायचाच असेल तर इथे घालवा. मोफत काम करणाऱ्या वकिलाकडे एका दिवशी अनेक माणसं येतात. तुमच्या सासूचा स्वभाव ऐकण्यात पहिली दहा मिनिटं गेली तर कामाचं राहून जातं. घरूनच एका पानावर तारखा लिहून न्या. भाड्याच्या खोलीच्या वादासाठी हा घटनाक्रम साधारण असा असावा:

> मार्च २०१९: खोली भाड्याने घेतली. भाडं महिना २,००० रुपये. लेखी करार नाही.
> २२ जुलै २०२१: पुरात पाणी आलं. भाड्याच्या जुन्या पावत्या गेल्या.
> जानेवारी २०२५: मालक वारले. मुलगा भाडं घेत नाही.
> फेब्रुवारी २०२५: मनीऑर्डर केली, परत आली. पावती आहे.
> ५ मार्च २०२५: थकबाकीची नोटीस मिळाली.
> १८ जून २०२५: समन्स मिळालं. कोर्टाची तारीख ७ जुलै.

सहा ओळी, पण वकील त्यांत काय वाचतो ते बघा. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या शहरात थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा तर भाडेकरूला नोटीस बजावल्यावर मालकाला ९० दिवस थांबावं लागतं. ५ मार्चपासून ९० दिवस ३ जूनला भरतात. दावा त्याच्या आधीच दाखल झाला असेल तर पहिला बचाव तयार. समन्स १८ जूनला मिळालं, म्हणजे कैफियत, दाव्याला आपलं लेखी उत्तर, १८ जुलैपर्यंत द्यायची. आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत, म्हणजे १६ सप्टेंबरपर्यंत, सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, शिवाय पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून खोली जात नाही. परत आलेल्या मनीऑर्डरची पावती सांगते की भाडेकरू द्यायला तयार होता. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे सगळं त्या एका पानातून निघालं.

(अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराला हे संरक्षण नाही. तुमचा कागद कुठला आहे ते आधी बघा.)

तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही त्या पानावर लिहा. घेतलेली उचल, दिलेला कोरा चेक, रागात पाठवलेला मेसेज. समोरचा वकील ती काढणारच आहे. आपल्या वकिलाला ती भर कोर्टात कळू नये.

५. अर्ज

छापील अर्ज तिथेच मिळतो. नाव, पत्ता, उत्पन्न, कुठल्या वर्गात बसता, केस काय, समोरचा कोण, काय मागणी. मराठीत लिहा. 'मागणी'च्या रकान्यात 'न्याय मिळावा' लिहू नका, त्यावरून कुणाला काही कळत नाही. 'दरमहा पोटगी मिळावी', 'वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा वाटून मिळावा', 'चार महिन्यांची मजुरी मिळावी' असं सरळ लिहा.

लिहिता येत नसेल तर स्वयंसेवक लिहून देतो, अंगठा चालतो. पण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

एक प्रत आवक शिक्का मारून परत घ्या. अर्जावर शक्यतो त्याच दिवशी, आणि जास्तीत जास्त ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. शिक्क्यावर तारीख नसेल तर हे सात दिवस मोजणार कुठून? नाकारला तर कारण मागा. जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांच्या निर्णयावर त्याच प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येतं.

मुदत दोन-तीन दिवसांवर असेल तर अर्जाच्या वर लाल शाईने लिहा: 'तारीख अमुक, तातडीचे'. तोंडीही सांगा.

६. कोण वकील मिळतो

तीन प्रकार आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

*पॅनेल वकील.* प्राधिकरणाच्या यादीवरचे. त्यांना मानधन प्राधिकरण देतं, तुम्ही नाही. दिवाणी, कौटुंबिक, महसुली अशी बहुतेक कामं यांच्याकडे येतात. 'फुकटातला म्हणजे शिकाऊ असणार' ही समजूत काढून टाका: यादीत येण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते, आणि त्यातले बरेच जण सकाळी तुमची केस चालवून दुपारी फी घेऊन दुसऱ्याची चालवतात. माणूस तोच.

*लोक अभिरक्षक.* फौजदारी केसमध्ये आरोपीचा बचाव करणारे, प्राधिकरणाने पूर्णवेळ नेमलेले वकील. तुम्ही फिर्यादी असाल तर हे तुमच्यासाठी नाहीत.

*स्वेच्छेने मोफत काम करणारे.* केंद्र सरकारच्या 'न्यायबंधू' या मोबाईल ॲपवर नाव नोंदवलेले किंवा आपणहून काम घेणारे वकील. हे मानधन घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर सक्तीही नाही. वेळ नसेल तर नाही म्हणतात. लहान तालुक्याच्या गावी ॲपवर जवळचा वकील सापडेलच असं नाही. म्हणून आधी विधी सेवा समिती, मग ॲप. नोटीस तपासून घेणं, करार वाचून घेणं, एखादं उत्तर लिहून घेणं अशा आटोपशीर कामाला स्वयंसेवक वकील फार चांगले. दहा वर्षं चालणाऱ्या वाटणीच्या दाव्यासाठी मात्र पॅनेलचाच वकील घ्या.

आणि तहसीलदार, प्रांत यांच्यापुढची सुनावणी? कायद्यात 'न्यायालय' म्हणजे महसूल न्यायालय आणि न्यायाधिकरणंही धरली आहेत. फेरफाराच्या वादातही वकील मागता येतो.

७. पहिल्या भेटीत

वकीलपत्रावर सही करताना केसचं नाव आणि नंबर भरलेला आहे ना, बघा. वकिलाचा फोन नंबर, तो कुठल्या वेळी फोन घेतो, आणि पुढची तारीख या तीन गोष्टी लिहून घ्या. मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा. मूळ द्यावाच लागला तर पोच घ्या.

केसचा सीएनआर क्रमांक मागा. १६ अक्षर-आकड्यांचा असतो, महाराष्ट्रात 'एमएच'ने सुरू होतो. तो 'ई-कोर्ट्स' ॲपमध्ये घातला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं मोबाईलवर दिसतं. यामुळे 'वकील काही सांगतच नाही' ही निम्मी तक्रार मिटते. मुलांना शिकवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

८. मुदती

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा.

- दिवाणी समन्स: ३० दिवसांत कैफियत. कोर्ट कारणं पाहून ९० दिवसांपर्यंत वाढवतं. नाहीतर दावा एकतर्फी चालतो.
- चेक न वटल्याची नोटीस: मिळाल्यापासून १५ दिवस. पतसंस्थेच्या कर्जात हे हमखास येतं. पैसे द्यायचे असतील तर याच दिवसांत, वाद असेल तर याच दिवसांत लेखी उत्तर.
- फेरफाराची नोटीस: १५ दिवसांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी हरकत. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.
- रस्ता अपघात भरपाई: २०२२ पासून कायद्यात ६ महिने लिहिले आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातात घरचे दवाखान्यातच अडकतात आणि ही तारीख निसटते.
- ग्राहक तक्रार: २ वर्षं.

मे महिन्याच्या सुट्टीत दिवाणी कोर्टं बंद असतात. 'आता जूनमध्ये बघू' म्हणत बसलात तर नोटिशीचे पंधरा दिवस काही थांबत नाहीत.

फेरफारावरून आठवलं, हक्कसोडपत्राबद्दल, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताबद्दल. गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे 'जरा सही कर गं, बँकेचं काम आहे' म्हणून कागद ठेवले जातात. कुठलाही कागद घरी नेऊन, वाचून, वकिलाला दाखवून मगच सही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. तिथे नेऊन उभं केलं तर अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा की हा दस्त कसला आहे.

९. पोलिसांनी नेलं असेल तर

२४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं, आणि त्याच वेळी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. घरच्यांनी ठाण्यात रात्र काढण्यापेक्षा १५१०० ला फोन करून कोणत्या कोर्टात हजर करणार ते सांगावं. दंडाधिकाऱ्याने विचारलं की 'वकील हवा, पैसे नाहीत' इतकंच म्हणायचं. आरोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते, तिच्यासाठी कुणाला चहापाणी द्यायचं नाही.

१०. घरातली मारहाण, म्हाताऱ्या आई-वडिलांची पोटगी

घरगुती हिंसेसाठी आधी वकील शोधायलाच हवा असं नाही. घरगुती हिंसेच्या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा सखी केंद्र (पीडित महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) अहवाल भरून देतात, तोच अर्जासोबत दंडाधिकाऱ्यापुढे जातो. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी, असं कायदा सांगतो. राहतं घर, पोटगी, मुलांचा ताबा सगळं एकाच अर्जात मागता येतं. हे वेगवेगळ्या केसमध्ये तोडू नका. रात्री-अपरात्री ११२ किंवा महिलांसाठी १८१.

आई-वडिलांना मुलं बघत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांपुढे साधा अर्ज करायचा. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. 'सांभाळीन' या अटीवर घर मुलाच्या नावे बक्षीस करून दिलं आणि तो सांभाळत नसेल, तर तो दस्त रद्द करून घेता येतो, पण ती अट दस्तात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. ज्येष्ठांसाठी फोन १४५६७.

११. कुणी पैसे मागितले तर

पॅनेल वकिलाला तुमच्याकडून फी घेता येत नाही, 'खुशीने द्या' म्हणूनही नाही. कोर्ट फी, समन्स बजावणी, नकला हा खर्चही मदतीत येतो. कुणी मागितलेच तर भांडू नका. कोणी, कधी, किती, कशासाठी हे लिहून प्राधिकरणाच्या सचिवांना द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. वकील सलग तारखांना येत नसेल तर तसाच अर्ज करून वकील बदलून मागता येतो. ई-कोर्ट्सवरचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, त्याला जोडा, म्हणजे तक्रार हवेत राहत नाही.

उलट बाजूही आहे. तुम्ही खोटं उत्पन्न दाखवलंत, बोलावूनही आला नाहीत किंवा गुपचूप दुसरा वकील लावलात, तर मदत काढून घेता येते.

१२. लोकअदालतीची नोटीस आली तर

थकलेली घरपट्टी, वीजबिल, बँकेचं कर्ज यांसाठी दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात केस होण्याआधीच्या, प्रकरणाच्या नोटिसा येतात आणि घरात सुतकी वातावरण होतं. ही केस नाही, अटक तर नाहीच. तडजोडीचं बोलावणं आहे. जा, आकडा कमी करून किंवा हप्ते पाडून मागा. पटलं नाही तर नाही म्हणा. दोघांची संमती असल्याशिवाय तिथे काही ठरत नाही.

मात्र सही केलीत की तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा ठरतो आणि त्यावर अपील नाही. गर्दीत, घाईत, 'करून टाका हो' म्हणणाऱ्याच्या भरवशावर सही करू नका. हप्त्याची रक्कम, तारीख, एक हप्ता चुकला तर काय, या तीन ओळी स्वतः वाचा. चालू केस तिथे मिटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

१३. निकाल लागल्यावर

निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात आणि नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज केला असेल तरच.

अपिलासाठी मदतीचा अर्ज नव्याने करावा लागतो. खालच्या कोर्टातला मंजुरीचा कागद त्याला जोडा. उच्च न्यायालयात जायचं असेल तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांचा रस्ता आता बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून या दोन जिल्ह्यांची कामं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, म्हणजे आंबा किंवा फोंडा घाट चढून जायचं. रायगडचं मात्र पूर्वीसारखंच मुंबईला. अर्ज जिल्हा प्राधिकरणातून पुढे पाठवता येतो, त्यासाठी कोल्हापूरला स्वतः जाण्याची गरज नाही.